मदत हवी आहे : कार्डिओग्रामच्या (ईसीजीच्या) पट्टीवरून हृदयाची कुठली नळी बंद आहे ते खरंच कळतं का? काकांच्या रिपोर्टबद्दल विचारायचंय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात बाबांना (वय ६४, चिपळूणजवळ गावी असतात) पहाटे दरदरून घाम आला, उलटी झाली, पोटाच्या वरच्या भागात आणि जबड्यात दुखत होतं. आई म्हणाली पित्त असेल, पण शेजारच्यांनी ऐकलं नाही, गाडीत घालून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी काढली आणि बघताबघताच म्हणाले, इन्फिरिअर वॉलचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक आहे, बहुतेक उजवी नळी. मग छातीवरचा एक लीड (पट्टी काढायला चिकटवतात ती वायर) काढून उजव्या बाजूला लावला, परत पट्टी काढली, आणि नर्सना सांगितलं की जिभेखालची गोळी देऊ नका, सलाईन चालू करा. गुठळी विरघळायचं इंजेक्शन तिथेच दिलं, मग कुंभार्ली घाट चढून कराडला. अँजिओत निघालं काय, तर आरसीए म्हणजे उजवीच नळी १००% बंद!! स्टेंट टाकली, बाबा आता बरे आहेत, त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पण डाव्या बाजूच्या एलएडी नावाच्या नळीतही ७०% ब्लॉक निघाला, तो मात्र पट्टीत कुणालाच दिसला नव्हता. असं कसं?

आता खरा प्रश्न. धाकट्या काकांना (५८) चढ चढताना छाती आवळल्यासारखी होते म्हणून टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) केली, रिपोर्टमध्ये २, ३, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी डिप्रेशन (रेघेचा एसटी नावाचा भाग खाली गेलेला), पॉझिटिव्ह असं लिहिलंय. घरात सगळे म्हणतात बाबांचीच नळी, उजवीच, एकच तर आहे, लावणी उरकली की बघू. मला भीती वाटते, कारण लीड तेच असले तरी बाबांच्या पट्टीत रेघ वर उचललेली होती आणि काकांची खाली गेलीय. याने फरक पडतो का? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिशियन आहे. तुम्ही नेमकं पकडलंत, वर आणि खाली यात मोठा फरक आहे. एसटी वर उचलला जातो तेव्हा नळी अचानक पूर्ण बंद पडून त्या भागाच्या स्नायूची पूर्ण जाडी उपाशी असते, म्हणून जागा सांगता येते. २, ३, एव्हीएफ हृदयाकडे खालून बघतात, व्ही१ ते व्ही४ समोरून. बाबांच्या पट्टीत ३ नंबरच्या लीडमध्ये २ नंबरच्या लीडपेक्षा जास्त उचललेलं असणार आणि १, एव्हीएल या लीडमध्ये खाली गेलेलं, तसं असलं की बहुतेक आरसीएच असते. उजवीकडे लावलेला तो लीड म्हणजे व्ही४आर. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर जिभेखालच्या गोळीने बीपी एकदम कोसळू शकतं, म्हणून गोळी टाळली. फार छान काम केलंय त्यांनी.

एलएडी दिसली नाही कारण ईसीजी नळी दाखवतच नाही, स्नायूला होणारा त्रास दाखवतो. ७०% अरुंद नळीतून बसल्याजागी पुरेसं रक्त जातं, मग पट्टीत काही येत नाही.

काकांचं म्हणाल तर टीएमटीतल्या डिप्रेशनवरून नळी ठरवता येत नाही. उजवी असेल, एलएडी असेल, दोन-तीन नळ्याही असतील, आणि फक्त याच तीन लीडमधलं डिप्रेशन कधी कधी खोटंही निघतं. पण त्यांना चढावर त्रास होतोय ना, मग लावणीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टला दाखवा, अँजिओ करायची की आधी सीटी ते ते ठरवतील. तोवर चिखलातली कामं बंद. आणि बसल्याजागी दुखलं, घाम आला, तर पित्ताची गोळी देत बसू नका, सरळ १०८ ला फोन.

प्रतिसाद २
माझ्या सासऱ्यांची साधी पट्टी नॉर्मल होती म्हणून आम्ही दोन महिने निवांत राहिलो, शेवटी तीन नळ्या निघाल्या आणि बायपास झाली. काकांना आत्ताच न्या.

धागाकर्ती
डॉक्टरसाहेब, खूप खूप आभार. काकूला तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, ती रडायलाच लागली, मग काकांनी स्वतः फोन घेतला. गुरुवारी कराडची अपॉइंटमेंट मिळालीय. एकच विचारते, जाताना बाबांचा जुना ईसीजी पण सोबत नेऊ का काकांचेच सगळे कागद पुरेत?

प्रतिसाद १
काकांची टीएमटीची पूर्ण पट्टी न्या, नुसतं रिपोर्टचं पान नको. जुना साधा ईसीजी असेल तर तोही. बाबांचा नको, फक्त भावाला ६४ व्या वर्षी अटॅक आला हे तोंडी सांगा.