ऑटोमॅटिक पिकअप रोजच्या वापराला: १.९ लिटर पुरेल की २.८ लिटरच घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी फैजपूर-सावदा भागात राहतो. केळीची बाग आहे, थोडा कापूस आहे. घरी माय, बायको आणि दोन मुलं. मागच्या पावसाळ्यात बांधावरून पाय घसरला आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, चालणं-फिरणं व्यवस्थित आहे, पण भुसावळच्या गर्दीत अर्धा तास क्लच दाबला की रात्री गुडघा सुजतो. डॉक्टरांनी सांगितलं, क्लचची गाडी सोडा. म्हणून ऑटोमॅटिक. शेतीमुळे मागे हौदा हवा, आणि घरात दोन चारचाक्या पोसायच्या नाहीत म्हणून पाच जण बसतील अशी डबल कॅब हवी.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की पांढरी बोलेरोच डोळ्यांसमोर येते. तिने अख्ख्या रावेर-यावलची केळी वाहिली, तिच्याबद्दल मला फार आदर आहे, पण तिच्यात ऑटोमॅटिक मिळत नाही. वरच्या तिन्ही अटी लावल्या की हातात दोनच गाड्या उरतात.

एक इसुझू व्ही-क्रॉस. इंजिन १८९८ सीसी (म्हणजे १.९ लिटर), १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ). दुसरी टोयोटा हायलक्स. इंजिन २७५५ सीसी (म्हणजे २.८ लिटर), २०४ पीएस, आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर (मॅन्युअलमध्ये ४२०). दोन्ही डिझेल, दोन्हींना सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक). हायलक्स फोर बाय फोरच (चारही चाकांना ताकद) येते, व्ही-क्रॉस ऑटोमॅटिकमध्ये टू बाय फोरही (फक्त मागच्या चाकांना) मिळते. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये दोन्हींच्या फोर बाय फोर ऑटोमॅटिकमध्ये सात-आठ लाखांचा फरक आहे. एवढ्यात माझ्या पूर्ण बागेचं ठिबक नवं होऊन वर पैसे उरतील, म्हणून विचारतोय.

रोजचा वापर असा: घर ते शेत सात किलोमीटर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा शिवाररस्ता. आठवड्यातून दोन-तीनदा भुसावळ किंवा जळगाव. महिन्यातून एकदा अजिंठा घाटाने छत्रपती संभाजीनगर, तिथे बहीण असते. हौद्यात फार तर आठ-दहा गोण्या खत, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) बंडलं, फवारणीचा पंप. केळीचा माल व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये जातो, तो मला वाहायचा नाही.

गावातले दोन जाणते लोक म्हणतात, "एवढी अवजड गाडी आणि इंजिन पावणेदोन-दोन लिटरचं? दम लागेल तिला." मोठ्या इंजिनवाले म्हणतात, एकदा घ्या आणि विसरा. माझा प्रश्न सरळ आहे: ज्याला रोज ओझं ओढायचं नाही, त्याला रोजच्या चालवण्यात मोठ्या इंजिनचा फायदा नेमका कुठे जाणवतो? मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, एसी पूर्ण, पाच माणसं आणि समोर घाट, अशा वेळी छोटं इंजिन रडतं का? प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी सांगावं.

*

गिरणाकाठ (चाळीसगाव):

भाऊ, तीन वर्षं १.९ ऑटोमॅटिक वापरतोय, टू बाय फोर. कन्नड घाट आमच्या दारातला, तो महिन्यातून चारदा होतो. पाच माणसं, सामान, एसी चालू, गाडी चढते. रडत नाही. पण तिची एक सवय अंगवळणी पाडावी लागते. दोन हजार आरपीएमच्या खाली ती जरा सुस्त असते. ट्रकच्या मागून बाहेर काढायची तर पाय दाबल्यावर क्षणभर थांबते, मग गिअर खाली येतो आणि मग ओढ लागते. हा क्षण धरूनच ओव्हरटेक करायचा. मी घाटात गिअर हाताने निवडतो, तिसऱ्यात ठेवली की गिअर सारखा वर-खाली होत नाही. उतरतानाही तेच. डी मध्ये (गिअर आपोआप बदलतो त्या जागी) सोडून नुसत्या ब्रेकवर घाट उतरू नका. छोट्या इंजिनची उतारावरची पकड मोठ्यापेक्षा कमी असते, म्हणून खालचा गिअर आधीच घालायचा.

मला बारा-साडेबाराचा ॲव्हरेज हायवेला मिळतो, गावात दहा-अकरा.

आता खरं दुखणं सांगतो. तुमचा तो दीड किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन नगण्य असतं आणि टू बाय फोरमध्ये ताकद जाते मागच्याच चाकांना. मृगाचा पहिला पाऊस पडला, वरचा इंचभर थर भिजला, की चाकं जागेवर फिरतात. दोनदा ट्रॅक्टर बोलावून गाडी काढली. तिथे १.९ काय आणि २.८ काय, इंजिनचा काही संबंध नाही. पैसे घालायचे तर आधी फोर बाय फोरमध्ये घाला. मी तिथेच चुकलो.

*

धुळे_वर्कशॉप:

दादा, इंजिन किती लिटरचं यापेक्षा "सात किलोमीटर" हे तुमच्या पोस्टमधलं महत्त्वाचं वाक्य आहे.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) डिझेलला धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. काजळी त्यात साठते, आणि एक्झॉस्ट चांगला तापला की गाडी ती आपोआप जाळते. सात किलोमीटर जाऊन इंजिन बंद, पुन्हा सात किलोमीटर, असं रोज चाललं तर जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. मग दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते, लोक म्हणतात इंजिन खराब. यावर उपाय मोठं इंजिन नाही. उलट मोठं इंजिन तापायला जास्त वेळ घेतं, म्हणजे तुटक फेऱ्यांना ते जास्तच गैरसोयीचं. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा जळगावला जाता ना? मग काळजी नाही. फक्त ती फेरी अर्धा तास एकसलग, जरा मोकळ्या वेगाने होऊ द्या. काजळी जळत असताना आयडल थोडं वाढलेलं असतं, पंखा जोरात फिरतो, करपल्यासारखा वास येतो. तेव्हा घरी पोचलात तरी लगेच किल्ली काढू नका.

दुसरं, उन्हाळा. पंचेचाळीस डिग्रीत गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटर आणि कंडेन्सरच्या जाळीत अडकलेल्या कचऱ्यामुळे. आपल्याकडे धूळ, कापसाचे तंतू, मळणीचा भुसा. उन्हाळ्याआधी आतून बाहेर हवा मारून घ्या. पाण्याचा जोराचा फवारा समोरून मारला तर पाती वाकतात.

तिसरं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. चिखलात गाडी रांगवली की कन्व्हर्टरमध्ये उष्णता फार होते आणि तेल तापतं. तिथे लो रेंज (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) घाला. ती फक्त अडकल्यावर वापरायची गोष्ट नाही. आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका. दोन्ही गाड्यांत पुढची-मागची चाकं तेव्हा एकत्र जखडतात, वळणावर आतले भाग ताणले जातात.

*

शहादेकर:

माझ्याकडे २.८ ऑटोमॅटिक आहे. तुम्ही विचारलंत फायदा कुठे जाणवतो, तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, तुमचं फैजपूर, सगळा तोच रस्ता. हंगामात समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, समोरून ट्रक, मध्ये मिळते ती फट छोटी. २.८ ला सोळाशे आरपीएमपासून पूर्ण टॉर्क आहे, पाय दाबला की गाडी निघालेली असते. तोरणमाळ चढतानाही गिअरची धावपळ होत नाही. ही निश्चिंती मला रोज मोलाची वाटते, कारण मी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरतो.

पण ज्या गोष्टी मोठ्या इंजिनने सुटत नाहीत त्याही सांगतो. मागे दोन्हींना पाटेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. रिकामी गाडी खड्ड्यात तशीच उडते, मागच्या सीटवर बसलेल्याला दोन्हींत सारखेच धक्के बसतात. दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब, बोळातून वळवताना सारखाच घाम. पावसात रिकाम्या गाडीचा एवढा टॉर्क मागची चाकं पटकन घसरवतो, पाय हलका ठेवावा लागतो. ॲव्हरेज मला नऊ-दहा.

एक बाजू मात्र माझ्या गाडीची: हेच इंजिन फॉर्च्युनरमध्ये आहे, त्यामुळे हात घालणारा माणूस आणि सुटे भाग मिळतात. व्ही-क्रॉस घेणार असाल तर वॉरंटीच्या कामाला गाडी कुठवर न्यावी लागेल ते बुकिंगच्या आधी लेखी विचारा.

आणि खताच्या गोण्यांचा हिशोब करा. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची, दहा म्हणजे साडेचारशे, वर पाच माणसं. कागदावर एकूण मंजूर वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, जे उरतं त्यात माणसंही येतात. जास्त सीसीच्या गाडीला जास्त माल भरता येतो असं समजू नका.

*

धागाकर्ता:

तिघांचे मनापासून आभार. धुळेकर दादांनी सांगितलेलं डीपीएफचं मला कोणत्याच शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. एका ठिकाणी तर मी "रोज सात किलोमीटर" म्हटल्यावर विक्रेत्याने "मग तर काहीच प्रॉब्लेम नाही" असं उत्तर दिलं होतं.

गेल्या आठवड्यात दोन्ही गाड्या चालवल्या. शोरूमच्या रस्त्यावर नाही, आग्रह धरून सावद्याहून पालच्या बाजूला सातपुड्याच्या चढापर्यंत नेल्या, एसी पूर्ण ठेवून, चार माणसं बसवून. शहादेकर म्हणाले ते खरं आहे. २.८ मध्ये चढ आहे हे पायाला कळतच नाही. १.९ मध्ये कळतं, गिअर खाली येतो, आवाज वाढतो, पण वेग पडला नाही. गिरणाकाठ यांनी सांगितलेला तो क्षणभराचा थांबा मला पहिल्या दोन ओव्हरटेकला खटकला, तिसऱ्याला सवय झाली. मी मुळात ट्रॅक्टर आणि जुनी डिझेल जीप चालवलेला माणूस, थांबून ओव्हरटेक करायची सवय आहे.

मग दोन्ही गाड्या आमच्या बोळात आणल्या. तिथे बायकोने चालवल्या, कारण बागेत पाणी सोडायला अर्धे दिवस तीच जाते. मागचा कॅमेरा बघत तिने दोन्ही एकेका फेरीत आत घातल्या, त्यामुळे त्या बाबतीत बरोबरी. अडचण निघाली मायची. पायरी असूनही उजवा पाय वर गेला की हाताला धरायला काही सापडेना. म्हणाली, "माह्या गुडघ्यानं हे चढणं नाही होत रे." दोन्ही गाड्यांना हीच उंची, त्यामुळे निवडीत फरक पडत नाही, पण मला ते फार लागलं. सगळी धडपड माझ्या गुडघ्यासाठी चालली होती आणि तिचा गुडघा मी मोजलाच नव्हता. आता गावातल्या वेल्डरकडून खालची एक जादा पायरी करून घेणार आहे, दुमडता येईल अशी, म्हणजे शिवाररस्त्याला घासणार नाही.

मी रोज शंभर किलोमीटर फिरत नाही, मागे काही ओढत नाही. १.९ फोर बाय फोर ऑटोमॅटिक ठरवतोय. वॉरंटीचं काम कुठे होईल याचं कंपनीकडून लेखी उत्तर आलं की टोकन देईन. वाचलेल्या पैशातून आधी चांगले ऑल-टेरेन टायर, मग बागेचं ठिबक.

एकच विचारायचं राहिलं. रिकाम्या हौद्यात पावसाळ्यापुरत्या वाळूच्या दोन-तीन गोण्या ठेवल्या तर मागची पकड आणि उडणं दोन्ही सुधारतं, असं इथले ड्रायव्हर सांगतात. कुणी हे करून पाहिलंय का? गोण्या मागच्या फळीला टेकवून ठेवायच्या की चाकांच्या आसाच्या बरोबर वर, आणि बांधायच्या कशाला?

*

गिरणाकाठ (चाळीसगाव):

आसाच्या वर, भाऊ. मी अडकल्यानंतर तेच सुरू केलं. फळीला टेकवल्या तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं. हौद्यातल्या कड्यांना रॅचेटच्या पट्ट्याने आवळा, नुसत्या सुतळीने नको, जोरात ब्रेक लावला की गोणी केबिनवर येते. आणि दसऱ्यानंतर काढून टाका, नाहीतर वर्षभर दीडशे किलो फुकट फिरवाल.