अभ्यासगटात सगळे डावेच, पण एकमत नाही. विचारपत्रावर सह्या घ्याव्यात का?

पंचगंगेकाठी:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. कोल्हापुरात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे, दर रविवारी संध्याकाळी बसतो, चौदा-पंधरा जण. त्यात दोन-तीन पक्के कम्युनिस्ट, चार-पाच आंबेडकरवादी, काहीजण राष्ट्र सेवा दलातून आलेले समाजवादी, शेकापचे म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे एक जुने काका, आणि माझ्यासारखे ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही असे. गेल्या महिन्यात आरक्षणाला आर्थिक निकष लावावा का यावरून असं काही वाजलं की दोघंजण यायचेच बंद झाले. आता एक मित्र म्हणतोय की एका पानाचं विचारपत्र करू, पटलं त्याने सही करावी, नाही पटलं त्याने आपला वेगळा गट काढावा. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही कारण दर वेळी आधी जात की आधी वर्ग इथेच गाडी अडते आणि काम शून्य. पण सही हा शब्द ऐकल्यापासून मला चैन नाही. तुमच्याकडे काय अनुभव?

गिरणगावची_नात:
सह्या घेऊ नका दादा, मनापासून सांगते.
माझे आजोबा लालबागला गिरणीत विणकाम खात्यात होते. लहानपणी ते हाताने करून दाखवायचे, धोट्यातली (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन) सुताची कांडी संपली की नवी घालायची, मग धोटा तोंडाशी धरून धाग्याचं टोक बारीक भोकातून श्वासाने ओढून बाहेर काढायचं. म्हणजे धोट्याला तोंड लागणार. म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत, साच्यावर, म्हणजे मागावर, पगार जास्त आणि तिथेच त्यांना बंदी. आणि ही बंदी नुसती मालकांची नव्हती, शेजारी उभा राहणारा सवर्ण कामगारच उष्टा धोटा नको म्हणायचा.
१९२८ चा मोठा संप झाला, सहा महिने चालला, लाल बावट्याचे म्हणजे कम्युनिस्ट पुढारी जीव तोडून लढत होते, त्यांच्या निष्ठेबद्दल मला जराही शंका नाही. पण कामगार सगळा एक या विचारातून बघितलं की तो धोटा दिसतच नाही. तो दिसला बाबासाहेबांना, त्यांनी आग्रह धरला की सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला काम मिळालं पाहिजे. पुढच्या वर्षीच्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला. एवढं होऊनही ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर गदा आली तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला, बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एका बाजूला. कुणी कुणाच्या कागदावर सही केली नव्हती. तुमच्या गटातून जे दोघं गेले ना, त्यांना दिसणारा धोटा आता बाकीच्यांना कोण दाखवणार?

खानदेशी_माणूस:
ताईंचं पटलं पण एक बाजू राहतेय. नुसते वेगवेगळ्या विचारांचे लोक एका खोलीत बसवले म्हणून काही होत नाही, मध्ये काम लागतं. संयुक्त महाराष्ट्र समिती बघा. १९४२ ला समाजवादी नेते एसेम जोशी भूमिगत होते आणि कम्युनिस्ट पक्ष चलेजावच्या विरोधात, ती जखम काय साधी होती का. आणि १९५६ ला समिती झाली त्याच वर्षी हंगेरीत रशियन रणगाडे शिरले, त्यावरही समाजवादी एकीकडे आणि कम्युनिस्ट दुसरीकडे. तरी समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन सगळे एका मांडवात टिकले कारण मागणी एक होती, मुंबईसह महाराष्ट्र. राज्य मिळालं आणि मांडव उठला. त्यात मला वाईट वाटत नाही, कामासाठी जमले होते, काम झालं.
वाईट वाटतं ते आमच्या धुळ्याच्या शरद पाटलांचं. आयुष्य पक्षात घालवलेला माणूस, म्हणत होता की जातीचा प्रश्न वर्गाच्या मागे ढकलू नका, शेवटी १९७८ मध्ये माकप म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढावा लागला. मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडायची एवढी खोल मांडणी पक्षाच्या आत राहूनच झाली असती तर किती माणसांपर्यंत पोचली असती. विचारपत्र काढाल तर हेच होणार, जो सगळ्यात जास्त विचार करतो तोच आधी बाहेर पडणार.

साताऱ्याची_मास्तरीण:
मी फक्त व्यवहाराचं सांगते. आमच्या गटात पण असंच व्हायचं, नंतर लक्षात आलं की भांडणारे तेच चार पुरुष, आणि बाकीचे ऐकून कंटाळून गळतात. आता आम्ही एक वही ठेवलीय, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही बाजू ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहायच्या आणि पुढे जायचं. आणि ज्याच्यावर प्रश्न गुदरतो तो आधी बोलणार, आरक्षणावर बोलायचं तर ज्याच्या घरात त्यातून पहिली नोकरी आली त्याने सुरुवात करायची. आवाज आपोआप खाली येतात. एका पानात एकमत लिहिण्यापेक्षा वहीत मतभेद नीट लिहिणं अवघड आहे पण जास्त कामाचं, कारण सहा महिन्यांनी वाचलं की आपण कुठे बदललो ते कळतं.

पंचगंगेकाठी:
सगळ्यांचे मनापासून आभार. धोट्याची गोष्ट मी काल मित्राला वाचून दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला कागद राहू दे सध्या. वही आणलीय. कामही ठरतंय, काकांनी सुचवलंय की घरकाम करणाऱ्या बायकांच्या नोंदणीचे फॉर्म भरून द्यायला बसू, त्यात कुणाचाच विरोध नाही.
जे दोघं गेले त्यातल्या एकीला आज फोन केला. म्हणाली येते, पण विषय तोच ठेवा, मी अर्धवट सोडून आलेय. रविवारी तोच विषय ठेवलाय, आणि सुरुवात ती करणार.