गच्चीवरची जाळी, पावसाळा आणि ज्युनिअर गोल्फ: वर्ष कसं बसवावं?

टिळकवाडी_पालक:
नमस्कार मंडळी. मुलगी १२ वर्षांची, दीड वर्ष झालं गोल्फ खेळते. एप्रिल-मेच्या सुट्टीत ज्युनिअर स्पर्धेत उतरवायचा विचार आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं गच्चीवर जाळी बांधून मॅटवरून रोज १५० चेंडू मारून घेतो. तरी दसऱ्याला मैदानात उतरलं की क्लब चेंडूच्या मागं मातीत जातो. बाहेरगावच्या ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या (चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या) बारीक कापलेल्या गवतावर, पट म्हणजे हळू ढकललेला चेंडू कपाच्या दोन मीटर पुढं पळतो ते वेगळंच. पावसाळ्यात नेमकं काय करून घ्यावं, आणि बाकीचं वर्ष कसं बसवावं?

लालमाती:
दादा, ते १५० चेंडू आधी थांबवा. दुखणं तिथंच आहे.

मॅटवर क्लब चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागं टेकला तरी तो घसरत पुढं जातो, चेंडू उडतो, आवाजही खणखणीत येतो. समोर जाळी असल्यानं चेंडू किती कमी गेला असता ते दिसत नाही. म्हणजे चुकीच्या फटक्याला रोज शाबासकी मिळते. ऑक्टोबरात आपल्या लाल मातीवर तोच फटका मारला की क्लब रुततो आणि चेंडू वीस पावलांवर पडतो.

उपाय स्वस्त आहे. चेंडूच्या मागं १० सेंटिमीटरवर पंचा एकपदरी अंथरा. क्लब पंच्याला लागला तर फटका बाद, मग चेंडू कितीही छान उडू दे. दुसरं, चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढा. मारल्यावर तो क्लबच्या तोंडावर उमटतो आणि चेंडू क्लबच्या टाचेकडं (दांड्याच्या बाजूला) लागला की टोकाकडं ते तिचं तिलाच दिसतं. दर फटक्याला पुसायचं. एवढं केलं तर ४० चेंडूंना पाऊण तास लागतो आणि तेवढे पुरेत. आठवड्यातून तीन दिवस, रोज नको.

जाळी कुठली आहे तेही बघा. क्रिकेटच्या जाळीचं भोक बहुतेक ५० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा. तो आरपार जाऊन शेजाऱ्यांची काच फोडणार. २५ मिलिमीटरच्या आतली जाळी घ्या. ती ताणून बांधू नका, ढिली सोडा. ताणलेली जाळी चेंडू परत तोंडावर फेकते. मारणारीपासून तीन मीटर पुढं आणि मागच्या भिंतीपासून एक मीटर सुटी हवी.

पाऊस ओसरला की फक्की आणा, खो-खोच्या मैदानाला मारतात तीच. जिथं जमीन मऊ आहे तिथं सरळ रेघ ओढायची, चेंडू न ठेवता रेघेवर दहा स्विंग, म्हणजे क्लब पूर्ण फिरवायचा. माती रेघेच्या पुढून उकरली पाहिजे. मागून उकरली तर वजन अजून मागच्या पायावर राहतंय. हे कडक वाळलेल्या जमिनीवर मात्र करू नका, पोरांची मनगटं हादरतात.

आता वर्ष. स्पर्धेपासून उलटं मोजा. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, तेव्हा आठवड्याला दोनदा पटिंग आणि एखादे नऊ होल, बस. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, काढायला किमान ५४ होलची गुणांची कार्डं लागतात, तीही मार्करनं (सोबत राहून गुण लिहिणाऱ्यानं) सही केलेली. ती नोव्हेंबर ते जानेवारीत भरायची. एप्रिलात धावपळ करून जमत नाही. जून ते ऑगस्ट तंत्र, शरीर आणि पटिंग. गणपतीत अकरा दिवस क्लबला हात लावला नाही तरी काही बिघडत नाही, उलट बरंच.

आणखी एक. पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लावतात. मुलं त्याला सोकावतात. दिवाळीनंतर चेंडू पडेल तिथूनच खेळायला लावा, खड्ड्यात असला तरी.

पट्टीवाला:
लालमाती यांनी पटिंग एका ओळीत उडवलं, म्हणून लिहितो.

स्टेशनरीच्या दुकानात एक मीटरची स्टीलची पट्टी मिळते, साधारण ३० मिलिमीटर रुंद. जमिनीवर ठेवा, एका टोकाला चेंडू, आणि पट्टीवरून न पडता दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. हिशेब असा: मीटरभरात मध्यापासून १५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ०.९ अंश. कप १०८ मिलिमीटर व्यासाचा, त्यामुळं तीन मीटरवरून मध्यापासून ५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १ अंशाची सूट. पट्टीवर टिकणारा चेंडू सपाट ग्रीनवर तीन मीटरचा सरळ पट चुकवत नाही, वेग बरोबर असेल तर. दहापैकी सात आले की पुढं जा.

तो दोन मीटर पुढं पळणारा पट मात्र दिशेचा नाही, वेगाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात ग्रीनवरचं गवत वाढलेलं आणि ओलं, हात जड होतो. ग्रीनचा वेग मोजायची स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची खोबणीची पट्टी असते, ३० इंचांवर खाच, सुमारे २० अंश उचलली की चेंडू सुटतो. घरी पडद्याच्या ॲल्युमिनियम चॅनेलचा तुकडा वापरा, कायम एकाच खुणेवरून आणि एकाच उंचीवरून सोडा. घरच्या सतरंजीवर किती फूट जातो, मैदानावर किती, वहीत लिहा. स्पर्धेच्या ठिकाणी आदल्या दिवशी पहिलं काम तेच. मग ३, ६, ९ मीटरवरून दहा-दहा पट. कप बघायचाच नाही, चेंडू कुठं थांबतो ते बघायचं. फरशीवर सराव नको, तिथला वेग कुठल्याच ग्रीनला नसतो.

चिकोडी_पीटी:
बाकी सगळं पटलं, गणपतीची सुट्टीसुद्धा. जाळीवर पूर्ण जोराचे स्विंग मात्र महिनोन्‌महिने नकोत. बारा वर्षांच्या मुलींची उंची याच सुमाराला झपाट्यानं वाढते. दर महिन्याला एकाच भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. खुणा भरभर वर सरकायला लागल्या की त्या काळात तंत्र बदलायला जाऊ नका, हातपायांचा मेळ तात्पुरता जातो आणि मास्तरला वाटतं पोरगी आळशी झाली. एका बाजूला कंबर दुखते, मागं वाकलं की जास्त, आणि दोन आठवड्यांत थांबत नाही असं झालं तर क्लब बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या मुलांत मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो.

पावसात घरात करायला: एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, प्लँक, दोरीच्या उड्या, दोन्ही हातांनी चेंडू फेकणं. उजवीकडं जेवढे स्विंग, तेवढेच डावीकडं रिकामे.

टिळकवाडी_पालक:
पंचा लावला, पहिल्या दहापैकी सहा बाद! दोन शंका. माझे जुने क्लब कापून तिला दिलेत, ते चालतील का? आणि बंगळूरला राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं जायचं तर बॅग कशी न्यावी?

लालमाती:
होय की, पहिल्यांदा असंच होतं. कापलेले क्लब नकोत. दांडा कापला की आखूड होतो, पण जड आणि ताठ तसाच राहतो, उलट जास्तच ताठ होतो. तो वर नेताना पोरगी कंबर मागं टाकते. मग पीटी सर म्हणतात तेच दुखणं. हलक्या दांड्याचे सात क्लब पुरेत: ड्रायव्हर, एक हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. नियमानं १४ पर्यंत चालतात म्हणून भरायची गरज नाही. पाच सेंटिमीटर उंची वाढली की लांबी परत तपासा.

बॅगेत ड्रायव्हरपेक्षा चार बोटं लांब अशी काठी उभी ठेवा, झाडूचा दांडाही चालतो. बॅग तोंडाच्या बाजूनं आपटली तर मार काठीला बसतो. क्लबच्या डोक्यांभोवती टॉवेल. खालच्या बर्थखाली आडवी सरकवा, आणि ग्लोव्ह वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या टॉवेलात नको.