मदत हवी आहे: इंग्लंडमधलं भाड्याचं घर आणि लिजिओनेला सर्टिफिकेट

लेस्टरमधलं जुनं टेरेस घर (रांगेतलं, शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेलं) भाड्याने द्यायचं आहे. माळ्यावर गार पाण्याची टाकी, कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर. घर दीड महिना बंद आहे. एजंटच्या मते पाण्यात लिजिओनेला (फुप्फुसाचा गंभीर आजार करणारा जिवाणू) नसल्याचं लॅबचं सर्टिफिकेट दरवर्षी घेणं कायद्याने सक्तीचं आहे. खरं आहे का? नवीन भाडेकरू येण्याआधी नक्की काय करू?

प्रतिसाद १
सर्टिफिकेट सक्तीचं नाही. असं कुठलं सर्टिफिकेट कायद्यात मुळातच नाही, आणि साध्या घरात नमुना तपासणीही सहसा लागत नाही. १९७४ चा हेल्थ अँड सेफ्टी कायदा आणि २००२ चे कॉश (आरोग्याला घातक पदार्थांबाबतचे) नियम सांगतात ते वेगळंच: धोका ओळखा आणि आटोक्यात ठेवा. एचएसई या ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा नियामक संस्थेच्या एल८ संहितेत तपशील आहे. आपल्या घराची पाणीव्यवस्था समजत असेल तर पाहणी स्वतः करता येते. काय पाहिलं, किती तापमान आलं, काय दुरुस्त केलं, हे तारखेसह लिहून ठेवा. उद्या भाडेकरू आजारी पडला तर हाच कागद विचारला जाईल. पाहणी अधूनमधून आणि नळजोडणी बदलली की पुन्हा करा.

तुमची टाकी-सिलिंडरची व्यवस्था मात्र हलक्यात घेऊ नका. कॉम्बी बॉयलर नळ सोडल्यावरच पाणी तापवतो, त्यात पाणी साठत नाही; इथे साठतं. लिजिओनेला २० ते ४५ अंशांत वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो.

प्रतिसाद २
आधी माळ्यावर जा. टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोला बारीक जाळी आणि बाजूंनी इन्सुलेशन हवं, नाहीतर उन्हाळ्यात छपराखाली पाणी २० च्या वर जातं. तळाशी गाळ किंवा गंज असेल तर टाकी रिकामी करून धुवा.

मग सिलिंडर ६० अंशांवर तासभर पूर्ण तापू द्या. त्यानंतर सगळे नळ काही मिनिटं सोडा. शॉवरहेड आधी काढून घ्या आणि पाइपचं तोंड बादलीत धरा, तुषार उडता कामा नयेत. हेडवरचा क्षार काढून मगच बसवा. पुढे दर तीन महिन्यांनी हेडची हीच सफाई करा. थर्मामीटरने मोजा: गरम नळाला एका मिनिटात ५० च्या वर, गार नळाला दोन मिनिटांत २० च्या खाली. जुनं वॉशिंग मशीन काढल्यावर बंद पाइपचा तुकडा राहिला असेल तर तो मुख्य पाइपापासूनच कापून टाका, त्यात पाणी कुजतं. घर रिकामं असेपर्यंत आठवड्यातून एकदा सगळे नळ सोडा.

धागाकर्ता
धन्यवाद. ६० अंशांनी लहान मूल भाजेल ना?

प्रतिसाद २
हो, काही सेकंदांत. पण म्हणून सिलिंडरचं तापमान कमी करू नका. बाथच्या नळाजवळ थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान देणारा) बसवून ४४ वर लावा. तो सिलिंडरजवळ बसवला तर पुढचा सगळा पाइप कोमट राहतो, म्हणजे धोका परत आलाच. तिथलं तापमान मोजताना व्हॉल्व्हच्या आधीच्या पाइपवर मोजा. आणि भाडेकरूला लेखी कळवा: थर्मोस्टॅटला हात लावू नये, सुट्टीवरून परतल्यावर आधी नळ सोडावेत.