कोकणातला उजेड आणि चौकट : नवशिक्यांसाठी अनुभव धागा

नवा कॅमेरा घेतला की पहिला महिना मेनू उलगडण्यात जातो आणि फोटो तरी सपाटच येतात. किनारपट्टीवर नेमाने फोटो काढणाऱ्या मंडळींना विनंती, की चौकट बांधणं आणि उजेड ओळखणं याबद्दल जे हाताला बसलंय ते इथे लिहा. आत्मचरित्र नको. आकडे, अंतर, वेळ आणि काय कशामुळे बिघडतं, तेवढं हवं. कुठला कॅमेरा चांगला हा वाद इथे नको.

मालवणहून

कॅमेऱ्याआधी पंचांग बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इकडच्या कुठल्याही रापणकराला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला) ठाऊक असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पुनव-अमावास्येच्या आगेमागे सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी मागे हटलेलं असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे चांगलंच मागे. ओल्या वाळूचा आरसा मिळतो तो याच दोन-तीन दिवसांत. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, पण भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. ना आरसा, ना उसळी.

आरसा लाट मागे फिरल्यावर काही सेकंदच टिकतो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, वाळूपासून फूट-सव्वा फुटावर आणा. उभ्याने काढलात तर प्रतिबिंबाऐवजी नुसती तपकिरी वाळू दिसते. आणि चौकट ठरण्याआधी पुढे चालत जाऊ नका, आपलीच पावलं फोटोत येतात. नंतर ती पुसत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

दुसरं, सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. डिसेंबरात तो पश्चिमेपासून २४-२५ अंश दक्षिणेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. हिवाळ्यात किल्ल्यामागे उतरणारा सूर्य एप्रिलमध्ये त्याच खडकावरून बघाल तर मोकळ्या समुद्रात उतरतो. होकायंत्र फोनमध्ये असतंच, ते वापरा. बिंब पाण्याला टेकल्यापासून दिसेनासं व्हायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या दोन मिनिटांत लेन्स बदलू नये.

आणि सूर्य बुडाला की लगेच घरी पळू नये. पुढची वीसेक मिनिटं आकाश आणि जमीन यांच्या उजेडातला फरक कमी होत जातो. होड्यांचे रंग खरे दिसतात ते तेव्हाच.

राजपुरीजवळून

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, ही गोष्ट नवीन माणूस विसरतो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा पश्चिमेला दिसतो. सकाळी उजेड तुमच्या पाठीमागून तटावर पडतो, म्हणजे रंग आणि दगड दोन्ही मिळतात. संध्याकाळी तोच किल्ला काळी आकृती होतो. दोन्ही फोटो चांगले, पण वेगवेगळे, आणि एकाची वेळ साधून दुसरा मिळत नाही.

अगदी पाठीमागून येणारा उजेड सपाट असतो. तटाच्या दगडाचा खडबडीतपणा हवा असेल तर उजेड बाजूने, ४५ ते ६० अंशांतून यावा. सूर्य बाजूला सरकेपर्यंत थांबून हे जमतं.

काळी आकृती काढताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) −१ ते −१.५ करा आणि आकृत्या एकमेकींना चिकटू देऊ नका. शिडाची काठी बुरुजात घुसली की दोन्ही मिळून एक ढेकूळ दिसतं. मध्ये बोटभर आकाश दिसेपर्यंत थांबा. होडी पुढे सरकतेच.

रत्नागिरीहून

तृतीयांशाच्या नियमाबद्दल (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवायचा) थोडं विरोधी बोलतो. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो शब्द वापरला. म्हणजे कॅमेरा यायच्या आधीची गोष्ट. नवशिके मात्र जाळीच्या छेदबिंदूवर माणूस चिकटवतात आणि झालं म्हणतात. जाळी चालू ठेवा, पण ती मुख्यतः क्षितिज सरळ ठेवायला. समुद्रात एक अंशाचा कलही डोळ्याला खुपतो. ६००० पिक्सेल रुंद फोटोत एका अंशाने दोन कडांमध्ये सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो. नंतर सरळ करता येतं, पण कडा कापल्या जातात आणि नेमका डोलकाठीचा शेंडा जातो. वर मालवणकरांनी सांगितलेला आरसा असेल तर क्षितिज खुशाल मध्यावर घ्या.

किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचा फोटो सगळेच काढतात, म्हणून तोच उदाहरणाला घेऊ. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स, छिद्र एफ/११, फोकस दीड मीटरवर. एवढ्यावर साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. नाळ (होडीचं पुढचं टोक) त्याहून जवळ, दीड फुटावर घेतलीत की ती मऊ पडते. म्हणून आधी अंतर मोजा. हात पुढे केला तर बोटांच्या टोकापर्यंत पाऊण मीटर भरतो, तेवढं माप पुरे. मग बघा, नांगराचा दोर कुठे जातोय? तो चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरून होडीकडे गेला तर नजर त्याच्यामागे जाते. कोपऱ्याबाहेर पळाला तर नजरही बाहेर जाते. नाळेचं टोक क्षितिजाच्या रेघेवर टेकलं असेल तर थोडं वाका म्हणजे ते आकाशात मोकळं होईल. शेवटी चारी कडांवरून नजर फिरवा. प्लास्टिकची बाटली, कुत्र्याची शेपटी, स्वतःची सावली यांतलं काहीतरी असतंच.

जून-जुलैत मासेमारी बंद असताना होड्या झापांनी शाकारलेल्या असतात. ढगांमुळे उजेड मऊ, सावल्या नाहीत. सरावाला याहून चांगले महिने नाहीत, पण लोक कॅमेरा कपाटात ठेवतात.

गुहागरहून

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरतो. फेसाळ लाट किंवा चुना दिलेलं देऊळ चौकटभर असलं की तो फोटो काळवंडतो, तेव्हा +२/३ ते +१ द्या. ओला जांभा चौकटभर असला की उलट, −२/३.

जांभ्याची आणखी एक खोड आहे. उन्हात त्याचा लाल रंग सगळ्यात आधी फाटतो आणि चिऱ्याची भोकं जाऊन नुसता भगवा डाग उरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हे दाखवत नाही. लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. मागच्या पडद्यावर विसंबू नये, उन्हात तो सगळंच अंधारं दाखवतो.

लखलखीत उन्हात मीटर तपासायचा असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ/१६, शटर १/१०० सेकंद धरा. एफ/८ केलंत की १/४००. मीटर यापासून फार लांब सांगत असेल तर आधी त्याला काय दिसतंय ते बघा.

कुडाळहून

रात्रीच्या दशावताराबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा धडधडते. शटर १/२५० केलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर जास्तच. १/१०० वर या, नाहीतर १/५०. मेकॅनिकल शटर, एफ/२.८, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) कुठल्यातरी एका आकड्यावर बांधून टाका, नाहीतर दर फोटोत राजाचा रंग बदलतो.

१/१०० ला युद्धातले हात पुसट येणार. म्हणून उडी संपून पाय टेकतो तो क्षण धरा. मृदंगाची थाप ऐकत राहिलात तर तो आधीच कळतो. मुकुटाच्या चमकीमुळे मीटर फसतो, तेव्हा स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) चेहऱ्यावर. उभं राहायचं ते मधोमध नव्हे, थोडं बाजूला, म्हणजे टांगलेला माईक तोंडावर येत नाही आणि बाकड्यावर बसलेल्या राजाची एक बाजू सावलीत जाते. फ्लॅश नको. रंगवलेला चेहरा पिठासारखा दिसतो, आणि नटाच्या डोळ्यांवर पडतो तो वेगळाच.

श्रीवर्धनहून

सुपारीच्या वाडीत दुपारी माणसाचा फोटो काढू नये. चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात आणि पानांचा हिरवा रंग गालावर उतरतो. घरात या.

ओटीवर किंवा माजघरात, एका खिडकीशी: दिवा बंद, मागचं दार लोटलेलं. आजींना खिडकीपासून तीन फुटांवर बसवा, तोंड खिडकीकडे निम्मं वळलेलं. सावलीच्या बाजूला दोन-अडीच फुटांवर पांढरं धोतर खुर्चीच्या पाठीवर टाका. काळा गाल उजळतो. जास्त उजळला तर खुर्ची मागे सरकवा. मीटर उजळ गालावर. एफ/२.८, १/१२५, आयएसओ ८०० ते १६००. डोळ्यात खिडकीचा ठिपका दिसला की बसणं बरोबर आहे. धुराने काळवंडलेली भिंत मागे असेल तर दुसरं काहीच लागत नाही.

बाजारात निळ्या ताडपत्रीखाली हे जमत नाही. मासळी आणि माणसं दोन्ही निळी येतात, आणि कडेने ऊन शिरत असेल तर व्हाइट बॅलन्सनेही सुटत नाही. ताडपत्रीच्या कडेशी, सावलीतच पण मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेली मावशी शोधा, आणि आधी विचारा.

दापोलीहून

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. लेन्स पुसा. किनाऱ्यावर दहा मिनिटांत खारट थर बसतो आणि दिव्यांभोवती धुकं दिसतं. आकाशावर बोट दाबून ठेवा, फोकस-एक्स्पोजर बांधलं जाईल, मग बोट खाली ओढून अंधार वाढवा. अतिरुंद लेन्सने माडांची खोडं आत झुकतात, साधी लेन्स वापरून मागे सरका.

वेळासला कासवांची पिल्लं सोडतात तिथे फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याची वाट चुकतात.

वेंगुर्ल्याहून

एक राहिलं. ट्रायपॉड ओल्या वाळूत लाटेगणिक खचतो. पाय आधीच वीतभर दाबून घ्या आणि एक लाट जाऊ दे. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड सहा वेळा निम्मा करणारी काळी काच) १/६० चं एक सेकंद करतो. पाण्याच्या रेघा हव्या तर अर्धा ते एक सेकंद बास, त्यापुढे नुसतं दूध. घरी आल्यावर पायांचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ चावून बसतं.

एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास जाऊ दे, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू दे. ६० च्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. चामड्याच्या जुन्या पेटीत मात्र लेन्स ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.