ऑलिफंटने बर्मिंगहॅम सोडायला नको होतं

चक्रधर: भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट (१९०१–२०००) म्हटलं की लोक रदरफर्डच्या हाताखालची कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतली वर्षं आणि १९३४चा ट्रिटियमचा (जड हायड्रोजनचा) शोध सांगतात. १९५०ला तो बर्मिंगहॅम विद्यापीठ सोडून कॅनबेराला गेला, त्यावर कुणी बोलत नाही. तिथे १० जीईव्हीचा (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन सिंक्रोट्रॉन, म्हणजे चुंबकांच्या कड्यात प्रोटॉन फिरवून वेगवान करणारं यंत्र, बांधायचा होता, झालाच नाही. पदरी पडला तो नुसता त्याला वीज पुरवणारा होमोपोलर जनरेटर. या जनरेटरला ‘व्हाइट ऑलिफंट’ म्हणत, पांढरा हत्तीच.

ध्रुवपाद: कल्पना चोख होती. चुंबकाचा लोखंडी गाभा २ टेस्लाच्या (चुंबकी क्षेत्राचं माप) आसपास संपृक्त होतो, म्हणून लोखंडच काढलं. ८ टेस्ला धरा, १० जीईव्हीच्या प्रोटॉनला कड्याची साडेचार मीटर त्रिज्या पुरते. दीड टेस्लाला २४ मीटर लागतात. मात्र प्रवाह लाखो अँपिअर, तो ग्रिडमधून ओढता येत नाही. म्हणून हा जनरेटर: जड चकत्या हळूहळू गतीला आणून ५०० मेगाज्यूल साठवायचे नि झटक्यात सोडायचे.

चक्रधर: गणित मान्य. ८ टेस्लाला चुंबकाच्या तांब्याच्या गुंडाळीवर दाब किती? सुमारे २५० वातावरणं. क्षेत्राला आकार द्यायला लोखंडी ध्रुव नाहीत, तांबं जरा सरकलं की क्षेत्र बिघडलं. आणि फिरत्या चकतीच्या कडेवरून प्रवाह उचलायला सोडियम-पोटॅशियमच्या धारा! हा मिश्रधातू खोलीच्या तापमानाला पातळ असतो, एवढाच गुण. पाणी लागलं की हायड्रोजन सोडून पेटतो. हवेत ठेवला तर वर पिवळट सुपरऑक्साइड धरतं, त्यात तेल गेलं की स्फोट. अखेर कॉपर-ग्राफाइटचे घन ब्रश बसवावे लागले. तोवर, १९५९मध्ये, युरोपची सर्न प्रयोगशाळा २४ जीईव्हीला पोचलीसुद्धा.

अणुरेणू: अहो, अणुबाँब शक्य आहे सांगणारा ब्रिटनच्या मॉड समितीचा अहवाल अमेरिकेत युरेनियम समितीच्या लायमन ब्रिग्जच्या तिजोरीत पडून होता, तो ऑगस्ट १९४१मध्ये ऑलिफंटने जाऊन शोधला. त्याला एका जनरेटरवरून जोखायचं?

चक्रधर: ते बर्मिंगहॅमचे दिवस. धागा कॅनबेराचा आहे.

ध्रुवपाद: मग कॅनबेराचंच बोलू. १९५२मध्ये स्ट्राँग फोकसिंग (कणांची धार अरुंद ठेवायची युक्ती) आलं, त्याने लोखंडी चुंबकच लहान केले, ऑलिफंटच्या बचतीतली हवा गेली. त्यात त्याची एवढीच चूक, की आराखडा वेळेवर टाकून दिला नाही. पण जनरेटर वाया गेला नाही, पुढे टोकामॅकला (अणुसंमीलनाच्या यंत्राला) आणि रेलगनला (विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेला) त्यानेच प्रवाह पुरवला.

चक्रधर: रेलगन! १९५७ला पगवॉशच्या पहिल्या अण्वस्त्रविरोधी परिषदेत बसलेल्या माणसाच्या यंत्रावर?