कपाळावर पिवळा कागद, उड्या मारणारी भुतं आणि कुंग-फू : हा सिनेमा कोणता?

मध्यरात्रीचा_शो
नमस्कार मंडळी, एक सिनेमा कित्येक वर्षं डोक्यात अडकून बसलाय, नाव माहीत नाही. साधारण ९४-९५ ची गोष्ट असेल, आमच्या चाळीत केबलवाला रात्री अकरानंतर स्वतःच्या व्हीसीआरवरून कायकाय लावायचा, त्यात बघितला होता. चिनी सिनेमा, भाषा ओ की ठो कळत नव्हती. भुतं आपल्याकडच्यासारखी पांढऱ्या साडीतली नाहीत, गडद भरजरी झगे, डोक्यावर टोपी, हात समोर ताठ, आणि चालत नाहीत तर पाय जुळवून टुणटुण उड्या मारत येतात. कपाळावर पिवळ्या कागदाची पट्टी चिकटवली की जागच्या जागी गप्प. त्यात एक लहान पोरगंही होतं तसलंच भूत, आणि खरी जिवंत मुलं त्याला घरात लपवून ठेवतात एवढं पक्कं आठवतंय. आणि एक मारामारी मध्येच एकदम संथ झाली, सगळे पाण्यात असल्यासारखे हलायला लागले, मला वाटलं टेपच खराब झाली, म्हणून उठून झोपायला गेलो. शेवट राहिला तो राहिलाच.

तर नाव सांगा. आणि भूत अधिक कुंग-फू या जातीचे, कमी पैशात पण जीव ओतून काढलेले आणखी कुठले बघावेत तेही सांगा. हॉलिवूडचा व्हॅम्पायरवाला ब्लेड पाहिलाय, आवडतो, पण त्यात पैसा दिसतो. मला हे हातापायांनी केलेलं हवंय.

पडद्यामागे
मिस्टर व्हॅम्पायर! हाँगकाँग, १९८५. दिग्दर्शक रिकी लाऊ, निर्माता सॅमो हंग. तुम्ही म्हणताय त्या भुतांना चिआंगशी म्हणतात, म्हणजे ताठ झालेलं प्रेत, झगे आहेत ते चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्यांचे. माझा सगळ्यात लाडका सिनेमाप्रकार आहे हा, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

यात भुतं उतरवणारा जो गुरू आहे ना, पांढरट केस आणि दोन्ही भुवया मध्ये जुळलेल्या, तो लाम चिंग-यिंग. बघताना पन्नाशीचा माणूस वाटतो, पण तेव्हा त्याचं खरं वय होतं ३२. लहानपणापासून चिनी ऑपेराच्या शाळेत घासून तयार झालेला, नंतर ब्रूस लीच्या सिनेमांत स्टंट केलेला. सडपातळ म्हणून ऑपेरात बायकांच्या भूमिका करायचा, आणि १९८१ च्या द प्रॉडिगल सनमध्येही त्याने स्त्री-भूमिका करणारा नटच रंगवलाय. मग त्याला या मांत्रिकाच्या वेशात बघा, लाकडी तलवार हातात घेऊन नुसता वळतो तरी झग्याचा घोळ बरोबर जागेवर येऊन थांबतो, हे शिकवून येत नाही, अंगातच असावं लागतं. आणि ज्याच्याशी तो लढतो तो मुख्य चिआंगशी म्हणजे युएन वा, एंटर द ड्रॅगनमध्ये ब्रूस लीच्या कोलांटउड्या ज्याने मारल्या तो. म्हणजे भुताच्या कपड्यातसुद्धा तसलाच कसलेला माणूस.

मला विचाराल तर कमी पैशात हे जमण्याचं कारण हेच. हॉलिवूडच्या मानाने खर्च चिल्लर, पण पडद्यावर जी माणसं आहेत त्यांची वीस-वीस वर्षांची तालीम आधीच झालेली, ती फुकटात मिळाली. त्यात गुडघा न वाकवता उडी मारायची आणि हात ताठ ठेवून वार करायचे ही अट घातली की नेहमीची मारामारी आपोआप नवीन होते, कारण समोरच्याला प्रत्येक वेळी वेगळा डाव शोधावा लागतो. वर चिआंगशीला दिसत नाही, तो तुमच्या श्वासावरून तुम्हाला शोधतो, म्हणून श्वास रोखला की तो नाकासमोर येऊन नुसता उभा राहतो. या एका नियमावर आख्खा प्रसंग उभा राहतो, आणि त्याला पैसा लागतो शून्य.

ठाणेकर_ताई
पडद्यामागे, लिहिलंय छान पण सिनेमा हा नव्हे हो. लहान पोर पहिल्या भागात नाहीच. ते मिस्टर व्हॅम्पायर २, १९८६ चं, तेव्हाच्या हाँगकाँगमध्ये घडणारं. उत्खननात आई, बाप आणि मुलगा अशी आख्खी चिआंगशी फॅमिली सापडते, आणि त्यातलं पोर एका मुलीकडे जाऊन पोचतं. संथ मारामारीही त्याच्यातलीच, टेप खराब नव्हती! एक गॅस सुटतो आणि भुतं, माणसं, सगळ्यांच्याच हालचाली मंद होतात. लाम चिंग-यिंग यातही आहे पण झगा-तलवार नाही, वैद्याच्या भूमिकेत.

तरी पहिला भाग आधी बघा, दुसरा त्याच्यापुढे पातळ आहे. आणि पहिल्यातला तांदळाचा प्रसंग चुकवू नका. चिआंगशीची नखं लागली की विष अंगात चढतं आणि माणूस हळूहळू ताठ होत जातो, त्यावर उतारा चिकट तांदूळ. मग त्या बिचाऱ्या शिष्याला, रिकी हुईला, तांदूळ पसरून त्याच्यावर नाचायला लावतात, थांबलास की आखडलास. तांदूळ आणायला दुसऱ्या शिष्याला पाठवतात तर दुकानदार काय करतो, चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून देतो. भेसळ! चार पैशांसाठी.

आता याच्याआधीचा सॅमो हंगचा एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड घ्या, १९८० चा. त्यात सॅमोला देवळात प्रेताबरोबर रात्र काढायची असते, आणि प्रेत उठलं की शवपेटीत कोंबडीची अंडी टाकायची असं त्याला सांगितलेलं असतं. अंडीवाला त्यात बदकाची अंडी घुसडतो. सॅमो एकेक अंडं टाकतोय, प्रेत खाली बसतंय, परत उठतंय, आणि मग बदकाचं अंडं हाताला लागतं. मी हे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले तेव्हा अंगावर काटा आला, कारण दोन्हीकडे भूत नियमाने वागतंय, जीव जायची वेळ येते ती बाजारातल्या माणसामुळे. मी स्वतः किराणा दुकान चालवलंय बारा वर्षं, म्हणून मला हे जास्तच लागलं असेल.

रेडीचा_वेताळ
उड्या का मारतात याबद्दल थोडं. एक तर ताठ झालेल्या अंगाचे सांधे वाकत नाहीत हे झालंच. पण चीनच्या हुनान प्रांतात, पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, प्रेतं चालवत गावी नेणाऱ्या मांत्रिकांच्या कथा आहेत. परमुलखात मेलेल्या माणसाला आपल्याच मातीत पुरायला हवं, नाहीतर आत्मा भटकतो, म्हणून. त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात की प्रेतं उभी करून दोन लांब बांबूंना बांधायचे, पुढे एक माणूस मागे एक माणूस, आणि चालताना बांबू लवला की लांबून बघणाऱ्याला प्रेतं उड्या मारतायत असं वाटायचं. मिस्टर व्हॅम्पायरच्या सुरुवातीला तो चष्मेवाला मांत्रिक प्रेतांची रांग घेऊन येतो ना, ते हेच.

आणि उंबरठा! जुन्या चिनी घरांचे उंबरठे उंच असतात ते चिआंगशीला ओलांडता येऊ नयेत म्हणून, अशी समजूत आहे. आमच्या कोकणात वेताळ रात्री गावाची राखण करतो, त्याला देवळात चपला वाहतात, त्यामुळे प्रेतांशी संबंध असलेलं काही आपल्या बाजूचंही असू शकतं हे मला लहानपणापासून माहीत. पण चिआंगशी त्यातला नाही, त्याला बुद्धीच नाही, नुसती भूक आहे. म्हणून त्याच्याशी बोलणी होत नाहीत, लढावंच लागतं. कुंग-फू त्यात इतकं सहज बसतं ते त्यामुळेच असं मला वाटतं.

जुनी_व्हीएचएस
यादीत द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स टाकाच. १९७४, इंग्लंडची हॅमर आणि हाँगकाँगची शॉ ब्रदर्स यांनी मिळून काढलेला. पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंग, म्हणजे ड्रॅक्युलाच्या मागावरचा प्रोफेसर, म्हणून थेट चीनमध्ये, बरोबर सात भाऊ आणि एक बहीण, प्रत्येकाचं हत्यार वेगळं. ड्रॅक्युला मात्र हॅमरचा नेहमीचा क्रिस्टोफर ली नाही.

पडद्यामागे
त्याच्यात गंमत आहे पण दोन कंपन्यांचे दोन सिनेमे शेजारी शेजारी चाललेत असं वाटतं. कुशिंग बोलतो तेव्हा लढाई थांबते, लढाई सुरू झाली की कुशिंग मशाल घेऊन बाजूला. त्यापेक्षा व्हॅम्पायर व्हर्सेस व्हॅम्पायर बघा, १९८९, लाम चिंग-यिंगने स्वतः दिग्दर्शित केलेला. समोर युरोपातला दातवाला व्हॅम्पायर, आणि त्याला कागद, तांदूळ काही लागूच पडत नाही. आयुष्यभराची विद्या कुचकामी ठरल्यावर त्या गुरूचा चेहरा कसा होतो ते बघा.

रोबो व्हॅम्पायर (१९८८) कुणी सुचवला तर वेळ घालवू नका. दुसऱ्याच सिनेमाचे तुकडे आणून मध्ये रोबोट आणि चिआंगशी चिकटवलेत. पैसा कमी होता याचा राग नाही, मेहनतच केली नाही याचा येतो.

शेवटी रिगर मॉर्टिस, २०१३, ज्यूनो मॅकचा. पहिल्या भागातला शिष्य चिन सिऊ-हो यात स्वतःचीच भूमिका करतो, काम नसलेला, थकलेला नट, जुन्या वसाहतीत राहायला आलेला. विनोद अजिबात नाही. सिनेमा लाम चिंग-यिंग आणि रिकी हुईला अर्पण केलाय. लाम १९९७ मध्ये यकृताच्या कॅन्सरने गेला, ४४ व्या वर्षी, आणि रिकी २०११ मध्ये, दोघंही ८ नोव्हेंबरलाच. हा मात्र सगळ्यात शेवटी बघा, आधी त्या दोघांना हसताना बघून घ्या.

मध्यरात्रीचा_शो
ताई, तोच! दुसरा भाग काल रात्री पूर्ण बघितला. जिथे उठून गेलो होतो तो सीन आला आणि मी हातातला चहा तसाच धरून बसलो, टेप खरंच चांगली होती. पोराचं पुढे काय होतं ते तीस वर्षांनी कळलं. आज पहिला भाग लावतोय, तांदळाच्या दुकानावर लक्ष ठेवून.